उत्तरवाले भालेराव

विधानसभेत विचारलेल्या प्रश्नांना मंत्री उत्तरं देतात, अशी लोकांची समजूत आहे. नोकरीला लागेपर्यंत माझीही होती. मंत्री उत्तर वाचतात. शिक्षण खात्याबद्दलची बरीचशी उत्तरं लिहिणारा माणूस मुंबईपासून पुष्कळ लांब, छत्रपती संभाजीनगरातल्या एका कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याशेजारच्या टेबलावर बसायचा. त्याच्या शेजारचं टेबल माझं. नवरा गेल्यावर त्याच्या जागेवर मला घेतलं, तेव्हा नोकरीबरोबर टेबलही त्याचंच मिळालं. सोळा वर्षं मी मधुकर भालेरावांच्या उजव्या हाताला बसले.

खात्यात भालेराव तीन होते. एक पेन्शनवाले, एक गोदामवाले आणि हे उत्तरवाले. उंच, किडकिडीत, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन निळी पेनं आणि कानावर पेन्सिल. राहायला उस्मानपुऱ्यात. बायको लवकर गेली, मुलगा पुण्याला नोकरीला. साडेनऊच्या ठोक्याला ते खुर्चीवर असत आणि टेबलाची काच स्वतःच्या रुमालानं पुसत. एरवी शांत माणूस, पण अधिवेशन लागलं की त्यांच्या अंगात यायचं. रजा नाही, गप्पा नाहीत, जेवणसुद्धा नाही. अधिवेशनाच्या दिवसांत ते डबाच आणत नसत.

"पोट भरल्यालं असलं की माणूस कशालाबी व्हय म्हणतो, ताई," ते सांगायचे. "हितं व्हय म्हणून भागत नाय."

भागत नाही ते खरंच. तारांकित प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात उभं राहून द्यावं लागतं तो. त्याची ठेवण ठरलेली असते. अमुक अमुक घडलं, हे खरे आहे काय? असल्यास, कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? आमदारानं दिलेला हा प्रश्न मंत्रालयातून निघून एकेका कार्यालयाची पायरी उतरत खाली येतो आणि जिथून आणखी खाली ढकलता येत नाही तिथं थांबतो. ते भालेरावांचं टेबल. तिथं उत्तर तयार व्हायचं आणि सह्या गोळा करत त्याच पायऱ्या चढून वर जायचं.

मी नवीन असताना त्यांनी मला धंद्याचं मर्म सांगितलं. प्रश्न वाचायचा नाही, प्रश्नातलं भोक हुडकायचं. वार, तारीख, आकडा, गावाचं नाव, यातलं काहीतरी चुकलेलं असतंच. एक गोष्ट चुकली की सगळ्या प्रश्नालाच 'हे खरे नाही' म्हणता येतं आणि खालचे सगळे उपविभाग आपोआप गळून पडतात. त्यांच्यापुढं मग लिहायचं, 'प्रश्न उद्भवत नाही.'

एका सदस्यानं विचारलं होतं की, अमुक गावच्या शाळेचं छत सोमवारी कोसळून तीन वर्गखोल्यांचं नुकसान झालं, हे खरे आहे काय? छत कोसळलं होतं. फोटो माझ्याच टेबलावर पडले होते. एका फोटोत विटांखालून एक दप्तर दिसत होतं. मुलं तेव्हा बाहेर कवायतीला होती म्हणून वाचली. भालेरावांनी मुख्याध्यापकांना फोन लावला. "गुरुजी, तब्येत बरी ना? अन् ते छत कोणत्या वारी पडलं म्हणता? नीट आठवून सांगा. मंगळवारी सकाळी ना?" फोन ठेवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "लिवा ताई. हे खरे नाही."

सभागृहात ते उत्तर खपलं तेव्हा साहेबांनी पेढे मागवले. सगळ्यात मोठ्यानं भालेराव हसले. मला तेव्हा संताप आला होता असं लिहायला आवडलं असतं. नाही आला. मीही पेढा खाल्ला.

पण हा माणूस नुसता भोकं हुडकणारा नव्हता. सभागृहाचं कामकाज ते फोनवर ऐकत, एका कानात इअरफोन घालून. दुसरा कान साहेबांसाठी मोकळा. शिक्षणाच्या मागण्यांवर चर्चा असेल त्या दिवशी त्यांना हाक मारायची नाही, हे शिपायालाही माहीत होतं. कोणता सदस्य किती वर्षांपूर्वी काय बोलला, हे त्यांना तोंडपाठ. एखादा घसा फोडून बोलला की म्हणायचे, "बोलला लई भारी. पर इचारलं काय त्यानं? काईच नाय."

कपात सूचना म्हणजे काय, ते मला त्यांनीच समजावलं. शिक्षणाला इतके पैसे द्या, अशी मागणी सरकार मांडतं. विरोधक म्हणतात, यातून शंभर रुपये कमी करा. ते खरंच कमी करायचे नसतात, त्या निमित्तानं शाळांचं रडगाणं सभागृहात गाता येतं. रिवाजच आहे तो. संध्याकाळपर्यंत चर्चा चालते, मग सूचना फेटाळतात आणि मागणी मंजूर होते.

"अन् खरी कपात?" मी विचारलं होतं.

"ती परिपत्रकानं येती. दोन पानी. तिच्यावर चर्चा बिर्चा कायी नसती."

परिपत्रकं येतच होती. काटकसर हा शब्द पहिल्या ओळीत. रिक्त पदं भरू नयेत. मंजूर रकमेपैकी एवढीच उचलावी. दुरुस्तीची कामं पुढच्या वर्षी घ्यावीत. आम्ही पाठकोऱ्या कागदांवर टिपणं लिहायला लागलो आणि ज्यांच्या शाळेत गुरुजी नाही त्यांच्या प्रश्नांना 'कार्यवाही सुरू आहे' असं उत्तर द्यायला लागलो. मग एक दिवस यादी आली. वीसच्या खाली पट असलेल्या शाळा जूनपासून जवळच्या शाळेत मिसळून टाकायच्या. यादी तपासून पुढं पाठवायचं काम भालेरावांचं. पेन्सिलीनं एकेका ओळीवर टिक करत ते खाली आले आणि एका ओळीवर पेन्सिल थांबली. मी विचारलं, काय झालं? थोड्या वेळानं त्यांनी त्या ओळीवरही टिक केली.

ती त्यांच्या वस्तीची शाळा होती.

खुलताबादच्या अलीकडं, हायवेपासून आत, टेकडीच्या पायथ्याला ती वस्ती आहे. नाव लिहीत नाही. भालेराव लहान असताना तिथं शाळा नव्हती. मोठ्या गावातली शाळा तीन किलोमीटरवर, आणि वस्तीतून गेलेल्या पोरांना तिथं वर्गाबाहेर व्हरांड्यात बसवायचे. मग वस्तीतल्या आठ-नऊ बौद्ध घरांनी मिळून दगड फोडले, चुना मळला आणि एक खोली उभी केली. सरकारनं गुरुजी दिला. भालेराव तिथल्या पहिल्या वर्गातले. त्यांची थोरली बहीण, आक्का, त्या बांधकामावर पाणी वाहायची. खोली तयार झाली तोवर तिचं लग्न ठरलं होतं. ती शाळेत कधी बसली नाही. नवरा वारल्यावर ती वस्तीवर परतली, आणि तेव्हापासून रोज सकाळी शाळेचं अंगण झाडत आली. ते काम तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

यादी गेल्यावरच्या रविवारी भालेराव वस्तीवर जाऊन आले. सोमवारी चहा पिताना त्यांनी मला सांगितलं, खाली बघत.

"आक्का म्हनली, मधू, कागद निघतो तिथंच बसतोस ना तू? मंग तुला दिसलं नाय का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणू? उठलो अन् एसटी धरली."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला खोटं वाटलं असतं, मी स्वतः त्यात नसते तर. एका बुधवारी त्यांनी किरकोळ रजा टाकली, पहिल्या एसटीनं गेले आणि शाळेच्या दारात उभं राहून पोरं मोजली. एकेका डोक्याकडं बोट करून. तेवीस भरली. गुरुवारी ते आले ते वेगळेच दिसत होते. दुपारच्या सुट्टीत त्यांनी माझ्यापुढं एक पाठकोरा कागद ठेवला. तारांकित प्रश्न. त्यांच्या हातचा.

"टाइप करून द्या ताई. माझं अक्षर वळखतेत समदे."

सरकारी नोकरानं आमदाराला प्रश्न लिहून देणं म्हणजे नोकरीवर धोंडा पाडून घेणं. त्यांच्या निवृत्तीला जेमतेम चार महिने होते. मी म्हटलं, दादा, पेन्शन अडकेल. ते म्हणाले, "तीस साल मी लोकांचे प्रश्न मारले. एक जितला तर बघू."

मी टाइप केला. खुलताबादच्या एका ओळखीच्या माणसाकरवी तो विरोधी बाकावरच्या एका आमदारापर्यंत गेला. अर्थसंकल्पी अधिवेशन लागलं, आणि एका सकाळी तोच प्रश्न मंत्रालयातून निघून, पायऱ्या उतरत, बरोबर भालेरावांच्या टेबलावर आला. 'तेवीस विद्यार्थी शिकत असलेली सदर वस्तीवरील शाळा कमी पटाचे कारण देऊन बंद करण्याचा निर्णय घेण्यात आला आहे, हे खरे आहे काय?' उत्तर पाच वाजेपर्यंत पाठवायचं होतं.

भालेरावांनी तो दोनदा वाचला. मग खाली वाकून पिशवीतून डबा काढला. प्रश्न कोणत्या दिवशी खाली उतरेल याचा त्यांना अंदाज असावा; अधिवेशनात त्यांनी डबा आणलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. "आज व्हय म्हणायचं हाय," ते म्हणाले. भाकरी, ठेचा आणि मेथीची भाजी होती. मला त्यांनी अर्धी भाकरी दिली. मला इतका आनंद झाला होता की, उत्तराला जोडायचा पट मीच संगणकावर काढायला घेतला.

पटावर एकोणीस मुलं होती.

मी पुन्हा पाहिलं. एकोणीसच. प्रश्नात तेवीस. भोक मला दिसलं, कारण बघायला त्यांनीच शिकवलं होतं.

"दादा," मी म्हटलं, "आकडा."

त्यांचा घास हातातच राहिला. पडद्यावरचा आकडा त्यांनी स्वतः वाचला. मग त्यांनी वस्तीवर फोन लावला. शिंदे बाई तिथल्या कंत्राटी शिक्षिका. त्यांच्याकडून उलगडा झाला. चार मुलं वीटभट्टीवरच्या कुटुंबांची होती. त्यांचे आधार क्रमांक जुळत नव्हते, म्हणून संगणक त्यांना पटावर घेत नव्हता. बाईंनी त्यांना तसंच वर्गात बसवून घेतलं होतं. ती रोज यायची, पाढे म्हणायची, भात खायची. कागदावर मात्र नव्हती.

"मला कसं ध्यानात नाय आलं," भालेराव म्हणाले. "सारी जिंदगी आकडा कागदावरून उचलला. ह्याच बारीला डोळ्यानं मोजला. अन् तोच लिवला."

एकोणीस लिहिले असते किंवा आकडाच लिहिला नसता, तर 'हे खरे आहे' म्हणण्यावाचून खात्यापुढं दुसरी वाट नव्हती, आणि शाळा का बंद करता ते मंत्र्याला सभागृहात सांगावं लागलं असतं. हे त्यांच्याइतकं महाराष्ट्रात कुणाला माहीत नसेल.

तरी त्यांनी झगडून पाहिलं. उत्तर लिहिलं, 'हे अंशतः खरे आहे. पटावर एकोणीस विद्यार्थी असून प्रत्यक्षात तेवीस विद्यार्थी शिकत आहेत.' आणि स्वतः साहेबांकडं घेऊन गेले. मी फाइल धरून मागं उभी होते. साहेब नवीन होते, स्वभावानं वाईट नव्हते. त्यांनी वाचलं आणि चष्मा काढला.

"भालेराव, हे तुम्ही लिहिलंत? पटावर नसलेली चार मुलं वर्गात बसतात, त्यांना पोषण आहार दिला जातो, असं लेखी द्यायचं? उद्या विचारतील, कुणी बसवली? त्या बाईंना आजच कमी करावं लागेल."

"सर, त्या बाईनं पोरं शिकवली."

"मला कळतं हो ते. तुम्हीच सांगा, देऊ त्यांचं नाव?"

शिंदे बाईंचा नवरा अपघातात पाय गेल्यापासून घरी होता, घर त्यांच्या मानधनावर चालायचं. साहेबांना हे माहीत नव्हतं, भालेरावांना माहीत होतं. घड्याळात साडेचार झाले होते. शेवटी त्यांनी हात पुढं केला, कागद परत घेतला आणि चार घड्या घालून खिशात ठेवला.

टेबलाशी आल्यावर ते मला एवढंच म्हणाले, "लिवा." काय लिहायचं ते त्यांना सांगावं लागलं नाही. 'हे खरे नाही. सदर शाळेचा पट एकोणीस असून तिचे नजीकच्या शाळेत समायोजन प्रस्तावित आहे. विद्यार्थ्यांना वाहतुकीची सोय उपलब्ध करून देण्यात येईल.' मी टाइप केलं, त्यांनी बारीक सही केली. आजवर मी हजारो ओळी टाइप केल्या असतील. त्या तीन ओळींची मला आजही शरम वाटते.

सभागृहात तो प्रश्न पुकारला तेव्हा आम्ही दोघं एकाच फोनवर, इअरफोनचं एकेक टोक कानात घालून, ऐकत होतो. त्या दिवशी शिक्षणाच्या खर्चावरून आधीच गदारोळ चालला होता. एक सदस्य ओरडत होता की रस्त्यांना पैसा आहे आणि खडूला नाही. अध्यक्षांनी सगळ्यांना खाली बसवलं. मंत्री उठले आणि भालेरावांची वाक्यं वाचू लागले, स्वल्पविरामासकट. आमदार उपप्रश्नाला उभे राहिले आणि म्हणाले, माझ्या माहितीनुसार तेवीस मुलं आहेत. मंत्री हसून म्हणाले, सन्माननीय सदस्यांनी निदान शाळेचा पट तरी बघून यायला हवं होतं. बाकांवर हशा पिकला. आमदार खाली बसले. पुढचा प्रश्न पुकारला गेला.

सगळं मिळून चार मिनिटं लागली. भालेरावांनी इअरफोन काढला, त्याची वायर बोटाभोवती गुंडाळली आणि खणात ठेवून दिली. संध्याकाळी आमदारांचा फोन आला, तो मलाही ऐकू येत होता इतका आवाज चढलेला. भर सभागृहात तोंडघशी पाडलंत, वगैरे. भालेराव ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "चुकलं साहेब. माझंच चुकलं." फोन बंद झाल्यावरही तो त्यांच्या कानाला तसाच होता.

मेअखेर ते निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, सगळं रीतसर. भाषणात साहेब म्हणाले, भालेरावांच्या एकाही उत्तरामुळं खात्यावर सभागृहात नामुष्की आली नाही. टाळ्या वाजल्या. त्यांना दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. ते उठले, "व्हय, हे खरं हाय," म्हणाले आणि बसले. सगळ्यांना तो विनोद वाटला.

पुढचं मला शिंदे बाईंकडून कळलं. दिवाळीनंतर त्या गारखेड्याच्या बाजारात भेटल्या, एका खासगी शिकवणीत झाडण्यापुसण्यापासून सगळं करत होत्या. शाळाच नाही म्हटल्यावर त्यांचं कंत्राट वाढवलं नव्हतं. आम्ही वाचवलेली बाई ती हीच. वस्तीवरच्या मुलांसाठी जूनमध्ये रिक्षा सुरू झाली, दोन महिने चालली, मग रिक्षावाल्याला पैसे मिळेनात म्हणून बंद झाली. मोठ्या गावातली शाळा हायवेच्या पलीकडं. आयांनी पोरींना घरी बसवायला सुरुवात केली. भट्टीवरच्या चौघांना तिथं घेतलंच नाही.

"आन् भालेराव सर तर वस्तीवरच राहाया आलेत आक्काकडं," बाई म्हणाल्या. "रोज पोरायला रस्ता वलांडून देतेत. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा."

डिसेंबरात माझ्या नणंदेकडं खुलताबादला कार्यक्रम होता, म्हणून सकाळच्या एसटीनं निघाले. घाटाच्या अलीकडं बसनं करकचून ब्रेक मारला. पुढचे दोन-तीन प्रवासी शिव्या घालत उठले. मी खिडकीतून पाहिलं. रस्त्याच्या मधोमध भालेराव उभे होते. तोच पांढरा शर्ट, डोक्याला मफलर, एक हात बसकडं करून. समोरून येणारा ट्रकही थांबला होता. ड्रायव्हर ओरडला, "ओ बाबा, मरायचंय का?" त्यांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. त्यांच्या मागून एक मुलगा आणि त्याचं दप्तर धरून एक लहान मुलगी असे दोघंच पळत पलीकडं गेले.

मी हाक मारायला काच सरकवली. मग मारली नाही. काय बोलणार होते मी त्यांच्याशी?

बस हलली. दोघं मुलं गावाच्या रस्त्याला लागली होती. भालेराव मात्र अलीकडच्या कडेला परत आले होते आणि वस्तीकडून येणाऱ्या पायवाटेकडं तोंड करून, आणखी कुणी यायचं असावं तसे, उभे होते. बस वळेपर्यंत मी मान वळवून बघत राहिले. पायवाटेवर कुणीच येत नव्हतं.